बँकेचा माणूस घर बघून गेला, म्हणजे घर तपासून झाले का?

वाघोडिया रोडवरचे ते घर माझ्या भाचीच्या मनात पहिल्याच दिवशी भरले. टेनामेंट, म्हणजे आमच्या बडोद्याच्या बोलीत एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेले छोटे स्वतंत्र घर. पुढे तुळशीपुरते अंगण, मागे भांडी घासायची चोकडी, मुलाची शाळा चालत दहा मिनिटांवर. बांधकाम १९९५ च्या आसपासचे, वरचा मजला नंतर चढवलेला, रंग नुकताच दिलेला. दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मकान तो टनाटन छे. बँकवाळा पण जोई गया." आधीच्या एका गिऱ्हाइकाने कर्जासाठी अर्ज केला होता, तेव्हा बँकेने माणूस पाठवला होता आणि त्याचा रिपोर्ट चांगला आला होता, एवढाच त्याचा अर्थ.

भाचीचा चेहरा उजळला. माझा मात्र पडला, कारण मी ३१ वर्षे बँकेत काढली आणि त्यातली शेवटची बारा वर्षे गृहकर्जाच्याच टेबलावर. असे शेकडो रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले. आणि २००३ साली मी स्वतः घर घेतले, तेही असल्याच एका रिपोर्टच्या भरवशावर. चौथ्या वर्षी देवघरासमोर स्लॅबचा भलामोठा पापुद्रा कोसळला. आई दोनच मिनिटांपूर्वी पोथी मिटून जेवायला उठली होती. त्या स्लॅबच्या दुरुस्तीत मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले. म्हणून भाचीला तिथेच अंगणात सांगितले, "बाई गं, बाना, म्हणजे आपला इसार, देऊ नकोस अजून. आधी आपण आपला इंजिनिअर आणू."

"मामा, पण बँकेने बघितलंय ना?"

तिचा हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

कोण कोणासाठी बघतो

बँक पाठवते तो असतो व्हॅल्युअर. त्याचे काम घराची किंमत ठरवणे. जागा कुठे आहे, क्षेत्रफळ किती, मंजूर नकाशाशी बांधकाम जुळते का, वय किती, आणखी किती वर्षे टिकेल असे धरायचे, आणि उद्या विकावे लागले तर किती येतील. तो भिंतीला कान लावत नाही, कपाट सरकवत नाही, गच्चीवर गेलाच तर मोजमापापुरता. त्यात त्याची चूक नाही, त्याला सांगितलेले काम तेवढेच आहे.

आता बँकेची बाजू पाहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. उरलेले पैसे तुम्ही घालता. घरात मोठा दोष निघाला आणि किंमत दहा टक्क्यांनी उतरली, तरी बँकेचा पैसा सुरक्षित राहतो. जातात ते तुमचे. त्यामुळे "बँकेने पास केले" याचा अर्थ एवढाच की त्या घराच्या तारणावर बँकेला आपले पैसे सुरक्षित वाटतात. तुमचे पैसे सुरक्षित आहेत की नाहीत, हा प्रश्न त्या फायलीत कुणी विचारलेलाच नसतो.

बाकीच्यांचेही तसेच. दलालाची दलाली सौदा झाला तरच मिळते. वकील कागद बघतो, टायटल क्लिअर आहे की नाही ते सांगतो, वाशांना वाळवी लागली आहे का हे त्याला ठाऊक नसते. विकणाऱ्याला घर विकायचे असते. नात्यातले कुणी बांधकामातले असतील तर ते प्रेमाने येतात, खांबावर हात थोपटतात आणि "मजबूत आहे" म्हणतात. या साऱ्या गर्दीत केवळ तुमच्यासाठी, तुमच्या पैशाने, सौदा होवो न होवो याच्याशी काहीही देणेघेणे नसलेला माणूस एकच असू शकतो. तो म्हणजे तुम्ही स्वतः नेमलेला लायसन्सधारक इंजिनिअर.

भाचीचा दीर अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. त्याला हे ऐकून नवल वाटले नाही, उलट इथे ही पद्धत नाही याचेच नवल वाटले. तिकडे घर घेण्यापूर्वी पाहणी करून घेणे रुळलेले आहे आणि बऱ्याच राज्यांत 'होम इन्स्पेक्टर' हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय आहे. त्याला घराच्या पायात किंवा तुळईत काही संशयास्पद दिसले, तर तो परवानाधारक इंजिनिअरला बोलवायला सांगतो. आपल्याकडे होम इन्स्पेक्टर नावाचा वेगळा परवानाच नाही. हल्ली मोठ्या शहरांतून घर-तपासणीची पॅकेजे विकली जातात. ती घ्यायला हरकत नाही, पण रिपोर्टखाली सही कोणाची, त्याची पदवी कोणती आणि परवाना कुणी दिला, हे आधी विचारा.

लायसन्स म्हणजे नेमके काय

इथे लोकांचा फार गोंधळ होतो. वास्तुविशारदांसाठी देशभर एक कायदा आहे, १९७२ चा, आणि त्याखालच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नाव असल्याशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंजिनिअरांसाठी असा देशव्यापी परवाना नाही. सिव्हिलची पदवी घेतलेला प्रत्येक जण इंजिनिअर असतो, पण परवाना मिळतो तो स्थानिक संस्थेकडून. गुजरातेत २०१७ पासून राज्यभराची एकत्रित बांधकाम नियमावली आहे. तिच्यात 'इंजिनिअर ऑन रेकॉर्ड' आणि 'स्ट्रक्चरल इंजिनिअर ऑन रेकॉर्ड' अशा वेगवेगळ्या नोंदण्या आहेत. पहिला नकाशे आणि बांधकामाचे काम पाहतो. दुसरा खांब, तुळया, स्लॅब, पाया यांच्या ताकदीचा हिशेब करतो आणि त्याची जबाबदारी घेतो.

जुने घर घेताना आपल्याला हवा असतो तो हा दुसरा. त्याच्याकडून नोंदणीच्या कागदाची प्रत मागा आणि मुदत कधीपर्यंत आहे ते बघा. शंका असेल तर महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगी शाखेत विचारा. 'चार्टर्ड इंजिनिअर' ही उपाधी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० साली स्थापन झालेल्या संस्थेची. मानाची आहे, पण ती पालिकेची नोंदणी नव्हे. 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड व्हॅल्युअर' ही पाटी तर आणखी वेगळी, ती किंमत ठरवण्यासाठी. एकाच माणसाकडे तिन्ही असू शकतात, फक्त तुमच्या कामाला तो कोणत्या नात्याने येतो आहे हे स्पष्ट असावे.

बडोद्यात असे इंजिनिअर शोधणे अवघड नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, तेच आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकीचे आवार आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांच्या पिढ्या या गावात आहेत. आम्हाला मिळाले तेही तिथलेच, दांडिया बाजारात वाढलेले, साठीच्या घरातले मराठी गृहस्थ. फोनवर त्यांनी स्वतःहूनच तीन गोष्टी सांगितल्या. विकणाऱ्याशी किंवा दलालाशी आपला व्यवहार नाही. दुरुस्तीचे काम आपण घेत नाही. आणि रिपोर्ट लेखी, फोटोसकट, आपल्या सहीशिक्क्याने मिळेल. त्यांनी सांगितले नसते तर मी विचारणारच होतो. जो तपासतो त्यालाच दुरुस्तीचे कंत्राट मिळणार असेल, तर त्याला दोष जास्त दिसण्याचा मोह असतो. ज्याला दलाल कामे आणून देतो, त्याला कमी दिसण्याचा.

फीचे म्हणाल तर घराचा आकार आणि चाचण्या किती, यावर ती ठरते. साध्या पाहणीची फी घराच्या किमतीच्या एक टक्क्याहून पुष्कळ कमी असते. साठ लाखांच्या घराचा एक टक्का साठ हजार होतो, तिथपर्यंत आम्ही पोचलोही नाही. फी आधी ठरवा, त्यात काय येते आणि काय येत नाही ते व्हॉट्सॲपवर का होईना, पण लिहून घ्या. आणि मालकाची परवानगी घ्या. दुसऱ्याच्या घरात हातोडी घेऊन शिरायचे तर त्याला आधी सांगायला हवे. जो मालक पाहणीलाच नकार देतो, त्याच्या नकारातूनही बरेच काही कळते.

पाहणीचा दिवस

वैशाखातल्या एका सकाळी आठला इंजिनिअर साहेब आले. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात छोटी हातोडी, विजेरी, पाणसळ, ओल मोजण्याचे यंत्र, टेस्टर, काचेच्या चार-पाच अरुंद पट्ट्या, ड्रॉपर लावलेली एक बाटली आणि एक काचेची गोटी. मी सकाळभर त्यांच्या मागे फिरलो.

घरात शिरण्याआधी ते समोरच्या ओट्यावर बसलेल्या शेजारच्या आजींकडे गेले. "बा, पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" पाणी कुठपर्यंत आले होते, एवढेच विचारले. बडोद्यात घर घेणाऱ्याने हा प्रश्न पहिला विचारावा असे ते म्हणाले. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरातून निघून शहराच्या मधून वाहते. काळा घोडा पुलाजवळ तिची धोक्याची पातळी २६ फूट धरतात. ३१ जुलै २०१९ ला चोवीस तासांत जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्याही वर गेली आणि समा, हरणी, अकोटा, वडसर अशा भागांत लोकांनी वरच्या मजल्यांवर दिवस काढले. पूर ओसरतो, रंग दिला जातो, आणि दोन वर्षांनी नव्या गिऱ्हाइकाला काहीच दिसत नाही. पण खुणा राहतात. दाराच्या चौकटीचा खालचा भाग फुगलेला असतो, स्विचबोर्ड अकारण वर सरकवलेले असतात, कपाटामागे भिंतीवर एक आडवी फिकट रेघ सापडते. आजींनी हाताने दाखवले, पहिल्या पायरीपर्यंत, बस. भाचीने सुटकेचा श्वास सोडला.

आत आल्यावर त्यांनी गोटी जमिनीवर ठेवली. बैठकीत ती जागची हलली नाही. मागच्या खोलीत मात्र हळूच निघाली आणि मागच्या भिंतीशी जाऊन थांबली. ते काही बोलले नाहीत. त्याच भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरकी उतरणारी एक भेग होती, रंगाखाली लपलेली, पण विजेरी भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकल्यावर स्पष्ट उठून दिसली.

भेगांविषयी त्यांनी जे सांगितले ते प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सगळ्या भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवर जाळ्यासारख्या केसभर भेगा असतील तर ते प्लास्टर वाळतानाचे, त्याने झोप उडवून घेऊ नये. खांब आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली उभी सरळ भेग दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या मानाने आकसतात म्हणून पडते. गच्चीच्या स्लॅबखाली भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची. पण दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग म्हणजे पायाचा एक भाग खचतो आहे अशी शंका घ्यायची. आणि तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीला धरून जाणारी भेग असेल, तर आतली सळई गंजते आहे.

पाया का खचतो? आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर पुरेसा खोल न नेलेला पाया दर वर्षी थोडा वर, थोडा खाली होतो. म्हणून काळ्या मातीतल्या घरात काही भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. भाचीच्या घराला आणखी एक कारण सापडले. मागच्या चोकडीचे सांडपाणी फुटलेल्या पाइपातून पायाशीच मुरत होते. तेवढाच भाग सदा ओला, बाकीचा कोरडा. साहेबांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकेल. यंत्र नाही, बॅटरी नाही, चार रुपयांची काच.

मग स्लॅब. इथे त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि मीही इथेच थांबतो, कारण आमच्या आईच्या डोक्यावर पडता पडता राहिला तो हाच रोग. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत राहतो आणि काँक्रीटचा हा गुण बाहेरून आत असा संपत जातो. ही मर्यादा सळईपर्यंत पोचली आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. तो आतून काँक्रीटला ढकलतो आणि पापुद्रे सुटतात. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, घरातल्या स्लॅबच्या सळईवर किमान २० मिलिमीटर आणि खांबाच्या सळईवर साधारणपणे ४० मिलिमीटर आवरण सांगितले आहे. जुन्या घरांत गवंड्याने सळईखाली दगडाची चिप सरकवली असेल तेवढेच आवरण मिळते.

स्वयंपाकघराच्या स्लॅबवर त्यांनी हातोडीने टकटक केले. बहुतेक ठिकाणी भरीव आवाज आला. मोरीच्या वरच्या कोपऱ्यात मात्र रिकाम्या डब्यासारखा. मालकाला विचारून त्यांनी तिथला सुटलेला तुकडा काढला आणि बाटलीतल्या द्रवाचे दोन थेंब ताज्या तुटलेल्या काँक्रीटवर सोडले. तो फिनॉल्फ्थॅलिन, शाळेच्या प्रयोगशाळेत आपण वापरायचो तोच. निरोगी काँक्रीट लगेच गुलाबी होते. तिथे वरचा बोटाएवढा थर कोरडा करडाच राहिला, आणि सळईच्या पलीकडे कुठे गुलाबी रंग फुटला. भाची खुर्चीवर चढून बघत होती. तिला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

बैठकीच्या स्लॅबवर तीच चाचणी केली, तर रंग पृष्ठभागाजवळच फुलला. म्हणजे सारे घर आजारी नव्हते, एक कोपरा होता. वरच्या बाथरूमचे पाणी तिथे वर्षानुवर्षे मुरले होते.

याहून मोठी शंका असती तर पुढच्या चाचण्या असतात. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाच्या कडकपणावरून ताकदीचा अंदाज देतो, पण मानकातच लिहिले आहे की त्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. तेव्हा नुसत्या त्या एका आकड्यावर कुणी घर नापास करत असेल तर ऐकू नका. दुसरी अल्ट्रासोनिक चाचणी. काँक्रीटमधून ध्वनिलहर सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून वेगाने गेली तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली असेल तर संशयास्पद. गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून पाहणे हा शेवटचा उपाय, आणि तो मालकाच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. प्रत्येक घराला हे सारे लागते असे मुळीच नाही. चांगला इंजिनिअर आधी डोळ्यांनी आणि हातोडीने बघतो, मग गरज असेल तरच यंत्र मागवतो.

वरच्या मजल्याबद्दल त्यांनी मूळ मंजूर नकाशा मागितला. बडोद्यात टेनामेंटवर मजला चढवण्याची पद्धत जुनी आहे. राज्य सरकारने २०११ साली आणि पुन्हा २०२२ साली इम्पॅक्ट फी भरून अशी बांधकामे नियमित करून घ्यायला वाट दिली. पण फीची पावती पायाला जास्त वजन पेलायला शिकवत नाही. पाया एकमजली घराचा आणि वर भर घातलेली असेल तर हिशेब नव्याने करावा लागतो. इथे वरची खोली हलक्या बांधणीची होती आणि तिच्या भिंती खालच्या भिंतींवरच बसत होत्या, म्हणून निभावले.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. खाली पार्किंगसाठी सारा मजला मोकळा, ज्याला गुजरातेत हॉलो प्लिंथ म्हणतात, आणि वर भिंतींनी भरलेले मजले, अशी इमारत भूकंपात खालीच मोडते, कारण वरचे मजले ताठ आणि खालचा लवचिक. २६ जानेवारी २००१ ला केंद्र होते कच्छात, पण दोनशे किलोमीटरहून दूर अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती बसल्या. त्यानंतर २००२ च्या भूकंप-मानकात मोकळ्या मजल्याच्या खांबांसाठी जादा ताकदीची अट स्पष्टपणे आली. त्याच मानकात बडोदे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात धरले आहे. त्यामुळे २००१ च्या आधीची हॉलो प्लिंथची इमारत असेल तर नुसता आपला फ्लॅट बघून चालत नाही, खाली पार्किंगमधले खांब बघायलाच हवेत. खांब सोसायटीचे असतात, पण पडताना ते घराघराचा हिशेब ठेवत नाहीत.

वाडी, रावपुरा, दांडिया बाजार इथल्या जुन्या लाकडी वाड्यांची तपासणी हा वेगळाच विषय आहे. तिथे वाशांची टोके, भिंतीत शिरलेली तुळई आणि वाळवी यांवर सगळे अवलंबून, आणि अशा कामाचा अनुभव असलेलाच इंजिनिअर लागतो.

ओल, वायरिंग आणि नळ यांवर तासभर गेला. मागच्या भिंतीचा खालचा तीन फूट रंग बाकीच्याहून ताजा होता, यंत्राने तिथे ओल दाखवली आणि रंगाखाली लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, होता. मीटरच्या पेटीत गळतीचा करंट तोडणारा आरसीसीबीच नव्हता, अर्थिंगची तार मातीत कुठेच जात नव्हती. गच्चीचा उतार बरा होता, पण नळीच्या तोंडाशी चायना मोझॅक फुटलेले.

रिपोर्ट आणि बानाखत

चार दिवसांनी अकरा पानांचा रिपोर्ट आला. त्यात "घर चांगले" किंवा "घर वाईट" असे कुठेच नव्हते, आणि तसे नसावेच. काय दिसले, कुठे दिसले, कशामुळे झाले असावे, आता लगेच करायचे काय, वर्षात करायचे काय, नुसते लक्ष ठेवायचे कशावर, आणि प्रत्येकाचा अंदाजे खर्च. शेवटी एक प्रामाणिक परिच्छेद, की जमिनीखालचा पाया आणि भिंतींच्या आतले पाइप डोळ्यांनी पाहता आलेले नाहीत. हा परिच्छेद ज्यात नाही त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवणार नाही.

दुरुस्तीचा एकूण अंदाज होता सव्वाचार लाखांचा. भाचीने तो मालकासमोर ठेवला, गुलाबी आणि करड्या काँक्रीटच्या फोटोंसकट. भांडण झाले नाही. खरे तर त्यांनाही ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, गिऱ्हाइकाला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारकच आहे. पण कोर्टात हे सिद्ध करण्यात उमेदीची वर्षे जातात. आधीच बघून घेणे किती सोपे!

म्हणूनच सारा भर वेळेवर आहे. पाहणी बाना देण्यापूर्वी व्हावी. एकदा बाना दिला की माणूस मनाने त्या घराचा होतो, मग रिपोर्टमधले दोष वाचूनही दिसत नाहीत. दुसरे गिऱ्हाईक दारात उभे आहे म्हणून बाना द्यावाच लागला, तर बानाखतात, म्हणजे साठेखतात, एक वाक्य वकिलाकडून घालून घ्या, की खरेदीदाराच्या इंजिनिअरच्या पाहणीत बांधकामाचा गंभीर दोष निघाल्यास बान्याची रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. मी माझ्या टेबलावर हे वाक्य असलेली बानाखते फार थोडी पाहिली. ज्यांनी ते घातले होते ते लोक सावकाश, शांतपणे व्यवहार करताना दिसत.

नव्या, बिल्डरकडून घ्यायच्या घराला थोडा वेगळा आधार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १४ व्या कलमाने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पाच वर्षे संपायच्या आत ते घर तुम्ही पहिल्या मालकाकडून घेतले असेल, तरी कायद्याच्या व्याख्येत तुम्ही बसता. तिथेही इंजिनिअरच्या सहीचा रिपोर्ट लागतोच, कारण "स्लॅबमधून पाणी येते" या तक्रारीपेक्षा कारणासकट लिहिलेल्या दोषाला उत्तर देणे टाळता येत नाही. ताबा घेताना एकदा आणि चौथे वर्ष संपताना एकदा, अशी दोनदा पाहणी करून घ्या. आणि लेखी नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

भाचीच्या व्यवहारात मालकांचा मुलगा दिवाळीनंतर कॅनडाला जाणार होता, तोवर त्यांना घर सोडायचेच नव्हते. मालकांनी किमतीत तीन लाख कमी केले आणि चोकडीचा फुटका पाइप स्वखर्चाने लगेच बदलून दिला. साहेब म्हणाले, "पाइप बदललाय, आता एक पावसाळा जाऊ द्या. काचेला बोलू द्या." भाचीला धीर धरवत नव्हता. दर पंधरा दिवसांनी ती काही ना काही निमित्ताने तिकडे जाऊन येई. मालकीणबाईही सवयीने खिडकी पुसताना ती पट्टी तेवढी सोडून पुसू लागल्या.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी भाचीने फोटो पाठवला. खिडकीचा कोपरा, तिरकी भेग, तिच्यावर आडवी काच, बाजूला पेन्सिलीने लिहिलेली वैशाखातली तारीख. काच अखंड होती. खाली तिने लिहिले होते, "मामा, साहेबांना विचाराल का, स्लॅबच्या कामाला गवंडी कोण बरा?"